दारात वेगळा करा, नाहीतर बांधावर आणू नका



गेल्या आठवड्यापासून आपल्या भागातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. तालुक्याच्या नगरपरिषदेकडं कंपोस्ट खत तयार आहे, पाहिजे त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन यावं, खत फुकट, वाहतूक आपली. खाली जोडलेले हात आणि एक हिरवं पान. मला हा मेसेज अकरा जणांनी पाठवला. एकानं वर लिहिलं, "तात्या, सेंद्रिय कर्ब सेंद्रिय कर्ब म्हणून आमचं डोकं खाता, आता फुकट मिळतंय तर उचला की."

मी उचलणार नाही. आणि खाली सांगतो त्या अटी मान्य झाल्याशिवाय तुम्हीपण उचलू नका. पोस्ट लांबणार आहे. कुणी दारं धरत असंल तर पाणी मोडून या, मग वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शहराच्या ओल्या कचऱ्याला नाक मुरडणारा माणूस मी नाही. तो कचरा मुळात आपलाच आहे. मेथीच्या काड्या, कोबीचा वरचा पाला, कलिंगडाची साल, रसवंतीतली चिपाडं, हे सगळं आपल्या रानातलं पाणी आणि खत घेऊन मार्केट यार्डात गेलं, तिथनं कुणाच्या तरी ओट्यावर गेलं. शहरातल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास माल असाच कुजणारा असतो. तो परत यायला पाहिजे तो रानातच. आमच्या पट्ट्याचा मागच्या माती परीक्षणात कर्ब ०.४२ आला. बैल गेले, गाई दोनवर आल्या, शेणखताची ट्रॉली परवडंना. अशा वेळी ज्या कंपोस्टात नियमानं किमान १२ टक्के सेंद्रिय कर्ब पाहिजे, म्हणजे टनामागं १२० किलो, ते मला नको कसं असंल?

आणि ही काही नवी कल्पना नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात शहराचा मैला आणि केरकचऱ्याची राख एकत्र करून, वाळवून सोनखत करत. सुरुवातीला लोक त्याला शिवत नव्हते. पीक बघितलं आणि मग मुठा कालव्याखालचे ऊसवाले पैसे मोजून ते नेऊ लागले. डॉ. व्होल्कर म्हणून इंग्रज सरकारनं आणलेला रसायनतज्ज्ञ होता, त्याच्या १८९३ च्या शेतीवरच्या अहवालात पुण्याच्या या खताचा उल्लेख आहे. पुढं इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा आणि शेण कुजवायची इंदूर पद्धत बसवली. बंगळूरला डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास शहराचा कचरा आणि मैला थरावर थर घालून खड्ड्यात कुजवायची पद्धत काढली. शेती पदविकेची पोरं अजून या दोन्ही पद्धती घोकतात.

पण त्या काळच्या कचऱ्यात काय नव्हतं ते बघा. त्यात बॅटरीचे सेल नव्हते, ट्यूबलाईट नव्हती, डायपर नव्हतं, शांपूची पुडी नव्हती, इंजेक्शनच्या सुया नव्हत्या. खापराचा तुकडा आणि राख, फार तर चिंध्या. ते खत आणि आजचं खत एका नावानं ओळखायचं म्हणजे देशी गाईचं तूप आणि वनस्पती तूप एकाच डब्यातनं विकण्यासारखं आहे.

आता काय होतंय ते सांगतो.

शहरात घरोघरी दोन डबे दिलेत, हिरवा आणि निळा. ओला हिरव्यात, सुका निळ्यात. हा शहाणपणा कायद्यातपण आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यातनं २००० साली कचऱ्याचे नियम आले. २०१६ साली नवे नियम आले, त्यात ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वेगळे भाग घरातच करायचे असं लिहिलं होतं. घातक म्हणजे सेल, रंगाचे डबे, औषधं, सुया. बागेचा पालापाचोळापण वेगळा ठेवायचा, तो रस्त्यावर टाकायचा नाही आणि जाळायचा नाही, हेही त्यातच होतं. कागद चोख आहे.

पण सकाळी गाडी आल्यावर काय होतं, ते तालुक्याच्या गावात मुक्काम पडला तर सात वाजता उठून बघा. वरच्या मजल्यावरनं एकच पिशवी खाली येते. ज्या बाईनं दोन डबे इमानदारीनं भरलेत, तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच हौद्यात पालथे होतात. दोनदा तसं झालं की तिसऱ्या दिवशी तीपण एकच पिशवी बांधते. तिला दोष कसा द्यायचा?

पुढचा प्रकार त्याहून वाईट. मोठ्या शहरांत कॉम्पॅक्टर गाडी असते, मागनं लोखंडी जबडा असलेली. जागा वाचावी म्हणून ती कचरा दाबते. आता एक काचेची बाटली घ्या. घरात ती एक बाटली आहे. हातानं उचलली की भंगारवाल्याला देता येते, दोन पैसे येतात. जबड्यात गेली की तिचे हजार तुकडे होऊन ते भाताच्या शितांत आणि केळीच्या सालीत मुरतात. एक सेल घरात अख्खा असतो, जबड्यानं फुटला की त्यातलं पाणी त्याच सालीत उतरतं. तुम्ही प्लांटवर कितीही भारी फिरती चाळणी बसवा. कंपोस्टाच्या नियमात ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतनं पडला पाहिजे असं आहे. ३ मिलिमीटरचा काचेचा कण त्या चाळणीतनं भाताच्या कणीसारखा खाली पडतो. चाळणीला काय माहीत कणी कुठली आणि काच कुठली!

म्हणून मी म्हणतो, कचरा वेगळा करायची जागा एकच, ती म्हणजे घराचं दार. प्लांटवर जे करतात त्याला वेगळं करणं म्हणत नाहीत, झाकणं म्हणतात.

कृषी विद्यापीठातले आणि केव्हीकेतले साहेब लोक ही पोस्ट वाचतात, त्यांना हात जोडून एक विचारायचंय. तुम्ही प्रयोगशाळेचा कागद बघून सांगता, खत प्रमाणित आहे, वापरा. त्या तक्त्यात नत्र किमान ०.८, स्फुरद ०.४, पालाश ०.४ आहे, शिशाची मर्यादा १००, कॅडमियमची ५, पाऱ्याची ०.१५ मिलिग्रॅम किलोमागं आहे, क्षारता ४ च्या वर नको असं आहे. काचेला आणि प्लॅस्टिकला त्यात वेगळा रकाना नाही. म्हणजे कागदावर खत पास आणि रानात बायांचे हात नापास, असं होऊ शकतं. पाच टनाच्या ट्रॉलीत वजनानं दोनच टक्के काच-प्लॅस्टिक धरा, तरी १०० किलो झालं. हे १०० किलो कुठल्या प्रयोगशाळेत दिसतं?

आणि त्या नत्राचापण हिशेब करा. टनात ८ किलो नत्र. युरियाची ४५ किलोची गोणी म्हणजे वीस-एकवीस किलो नत्र. एका गोणीएवढ्या नत्रासाठी अडीच टन कंपोस्ट ओढायचं, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला थोडंच लागू होतं. कंपोस्ट नत्रासाठी घ्यायचंच नसतं, ते मातीसाठी घ्यायचं असतं. मग ज्या मातीसाठी घ्यायचं त्याच मातीत काच पेरायची?

बायांचे हात म्हणालो ते उगाच नाही. आमच्या शिवेला लागून एका भावकीतल्या रानात दोन वर्षांमागं असंच फुकटचं खत पडलं. आठ ट्रॉल्या. त्यानं रोटर मारला, वाफे केले, पाणी सोडलं आणि कांदा लावायला टोळी बोलावली. कांद्याची लागण कशी असते, तुम्हाला सांगायला नको. पायात चप्पल नाही, वाफ्यात चिखल, रोपागणिक अंगठा आणि बोट मातीत खुपसायचं. दिवसाकाठी हजारो वेळा. दुपारपर्यंत चार बायांची बोटं चिरली. एकीच्या टाचेत सुईचं टोक मोडलं. इंजेक्शनची सुई, घरात बीपी-शुगरवाले असतात त्यांची. ती कुणाची, कसल्या रोगाची, काय सांगणार? धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रक्ताच्या तपासण्या, शिवाय तीन दिवसांची हजेरी गेली. दुसऱ्या दिवशी टोळीनं त्या रानात पाय ठेवायला नाही म्हणून सांगितलं. त्याची रोपं गादीवाफ्यावर ताठून गेली. आज ते रान बघा. दर नांगरटीला नवी काच वर येते. रोटर तिला आणखी बारीक करतो. युरिया जास्त पडला तर एका हंगामात निभावतं. काच पडली ती नातवापर्यंत.

(मल्चिंग पेपर फाडून बांधावर टाकणारे आणि ठिबकच्या जुन्या नळ्या रोटरखाली घालणारे आपल्यातपण आहेत. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, सोडणार नाही.)

मग नगरपरिषदा असं खत आपल्या गळ्यात का मारतात? कारण साधं आहे. ठेका कशावर दिलाय ते बघा. बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराला पैसे मिळतात ते वजनकाट्यावर, किती टन उचललं आणि किती टन आणून टाकलं यावर. आता तुम्ही ठेकेदार आहात असं समजा. ओला कचरा घरातच जिरला, तर तुमचे टन कमी. भंगार वेगळं निघालं, तर टन कमी. पावसात भिजलेला, मातीमुरूम मिसळलेला कचरा काट्यावर चढला, तर टन जास्त. ज्याचं पोट मिसळण्यावर चालतंय तो वेगळं कशाला करील? उसाचा काटा मारला तर आपण कारखान्यावर मोर्चा नेतो. इथं काटा उलटा मारला जातो आणि त्याचं ओझं आपल्या रानात येतं, तरी आपण ट्रॉली घेऊन रांगेत उभे.

दुसरं एक कारण आहे, ते जास्त काळजीचं. २०२१ च्या ऑक्टोबरपासून स्वच्छ भारतचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात जुने कचऱ्याचे डोंगर हटवायचं काम आहे. बायोमायनिंग म्हणतात त्याला. डोंगर उकरायचा, चाळायचा, प्लॅस्टिक एकीकडं, दगडविटा एकीकडं, आणि चाळणीखाली जी बारीक काळी माती पडते ती कुठंतरी घालवायची. दिसायला कुजलेल्या शेणखतासारखी, वास नाही. पण ती वीस-तीस वर्षं सेल, रंग, ट्यूबलाईट यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली माती आहे. खड्डे भरायला घ्या, रस्त्याच्या भरावाला घ्या. ते खत नव्हे. म्हणून फुकटच्या खताचं वय विचारा. हे यंदाच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट आहे की जुन्या डेपोची चाळण? उत्तर देताना समोरचा अडखळला तर ट्रॅक्टर रिकामा वळवा.

शहरवाले म्हणतील, मग आम्ही कचरा टाकायचा कुठं? हा प्रश्न त्यांनी आधी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारावा. पुण्याचा कचरा त्या शिवारात वर्षानुवर्षं पडला. विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, कालवा जवळ असून लोक टँकरची वाट बघत बसले. २०१७ च्या एप्रिलात डेपो पेटला, गावानं गाड्या अडवल्या, तेव्हा कुठं पुण्यातल्या गल्लीत ढीग साचले आणि शहराला वास आला. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादला तेच. नारेगावच्या बाजूच्या लोकांनी गाड्या थांबवल्या, शहरानं दुसरी जागा शोधली, आणि मिटमिट्यात दगडफेक झाली, पोलिसांच्या लाठ्या पडल्या. दर वेळी तोडगा एकच निघतो, दुसरं एखादं गाव बघा. आता डेपोसाठी गाव मिळंना, म्हणून डेपोच ट्रॉली ट्रॉलीनं वाटून टाकायची युक्ती निघाली. एका गावात टाकलं तर आंदोलन होतं, पाचशे बांधांवर टाकलं तर त्याला सेंद्रिय शेती म्हणतात!

केंद्रानं २०१६ साली सिटी कंपोस्ट खपावं म्हणून टनामागं १५०० रुपये मदत जाहीर केली. राज्यानं हरित महासिटी कंपोस्ट असं नाव दिलं. हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. पण सगळा जोर खपवण्यावर. हेच पैसे दारात वेगळं करून घेणाऱ्या माणसाला दिले असते तर खप आपोआप झाला असता. चांगल्या शेणखताला कधी जाहिरात लागली आहे का?

आणि हे होतच नाही असं कुणी म्हणू नये. वेंगुर्ल्याचं बघा. बारा-तेरा हजार वस्तीचं गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात त्यांनी घरातनंच कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली, नुसता ओला-सुका नाही, सुक्याचेही कितीतरी प्रकार. डंपिंग ग्राऊंडची जागा लोकांनी फिरायला यावं अशी झाली. पुण्यातच स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. त्या बाया दारात उभं राहून डबा बघून घेतात, मिसळलेला दिसला तर घरवाल्याला तिथंच सुनावतात. यंत्रापेक्षा हे सुनावणं जास्त कामाचं. जिथं माणूस दारात उभा राहून नको म्हणू शकतो, तिथलं खत चांगलं होतं.

आता थोडं आपल्या घरचं. गावात पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतनं घंटागाडी आली. नारळ फुटला, फोटो निघाले. पूर्वी प्रत्येक घरामागं उकिरडा होता. शेण, वैरणीची काडी, चुलीची राख, भाजीचा पाला, सगळं त्यात. वर्षाकाठी वैशाखात तो रानात जायचा. आज आपल्याच सुना-लेकी भाकरीचा तुकडा आणि गुटख्याची पुडी एका पिशवीत बांधून गाडीत टाकतात, आणि गाडी गायरानातल्या ओढ्याच्या कडेला जाऊन मोकळी होते. पावसाळ्यात तोच ओढा विहिरींना पाणी देतो. शहराला नावं ठेवताना हा ओढा विसरू नका. गावात तर ओल्या कचऱ्याची गाडी लागतच नाही. ज्याच्या दारात जनावर आहे किंवा परड्यात चार हात जागा आहे, त्याचा ओला कचरा घराबाहेर पडायचं कारणच नाही. गाडीनं फक्त सुका न्यावा, आठवड्यातनं दोनदा. डिझेलपण वाचंल. आणि हो, शहरवाले बागेचा पाला रस्त्याकडेला जाळतात म्हणून आपण हळहळतो, पण उसाचं पाचट पेटवताना आपल्यातल्या किती जणांना हळहळ वाटते?

आता अटी. नगरपरिषदेला मी लेखी अर्ज देतोय, तुम्हीपण द्या. खत कुठल्या प्रभागाच्या कचऱ्याचं, कधी ढीग लावला, कधी चाळला, हे लिहून द्या. बायोमायनिंगची माती यात नाही, असं सहीशिक्क्यानिशी द्या. प्रयोगशाळेचा अहवाल त्याच ढिगाचा पाहिजे, तीन वर्षांपूर्वीच्या नमुन्याचा नको. ट्रॉली बांधावर आल्यावर आम्ही तपासणार, आणि काच निघाली तर ती परत न्यायची, वाहतूक तुमची. ठेकेदाराचं बिल उचललेल्या टनांवर नको, शेतकऱ्यानं मान्य केलेल्या टनांवर काढा. एवढी एक ओळ ठेक्यात घातली तर बघा, दोन महिन्यांत दारातला माणूस कसा डबे तपासायला लागतो. फुकट नको आम्हाला. चांगलं द्या, टनाला रास्त दर देऊ.

तपासायचं कसं, ते सोपं आहे. ढिगाच्या पाच ठिकाणांहून आतला माल घ्या, वरचा नको, वरचा नेहमी चाळलेला असतो. हातात जाड मोजे घाला. एक घमेलं माल मोठ्या बादलीत टाकून पाणी भरा, काठीनं हलवा. प्लॅस्टिक, थर्माकोल वर तरंगंल, ते काढून बाजूला ठेवा. गढूळ पाणी ओतून द्या, परत भरा, परत ओता, तीन-चार वेळा. तळाला जे राहतं ते पांढऱ्या ताटलीत पसरून उन्हात धरा. काच चमकते. मग क्षारासाठी कुंडीत निम्मी माती आणि निम्मं ते खत घालून मुगाचे शंभर दाणे टाका, शेजारी नुसत्या मातीत शंभर टाका. आठ दिवसांत फरक दिसतो. काळ्या, चोपण होत चाललेल्या रानवाल्यांनी हा प्रयोग चुकवू नये. आधीच कालव्याच्या पाण्यानं क्षार वर आलेत, त्यात आणखी नकोत.

१ मेच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडणार आहे. एक, बाहेरच्या कुठल्याही शहराचा न विलगलेला कचरा किंवा त्याचं खत गावाच्या हद्दीत उतरवायचं नाही. दुसरा, आपल्या घंटागाडीनं ओला कचरा घ्यायचा नाही आणि ओढ्याकाठचा ढीग पावसाआधी हलवायचा. मसुदा लिहून ठेवलाय. शेजारच्या गावांना पाहिजे असंल तर मेसेज करा, पाठवतो. आणि ज्यांनी या आठवड्यात ट्रॉली आणलीच आहे, त्यांनी रानात पसरायच्या आधी बादलीची तपासणी करून ताटलीचा फोटो खाली टाका.